उजव्या पारड्यात ठेवून पाहा

मी तराजू आहे. भाजीवाल्याचा नव्हे आणि सोनाराचाही नव्हे. प्रयोगशाळेतला, काचेच्या पेटीत राहणारा. लोक मला केमिकल बॅलन्स म्हणत. पापणीचा एक केस माझ्या पारड्यात टाकला तरी मी तो तोलून सांगत असे. ही फुशारकी नाही. इतकं बारीक तोलणाऱ्याच्या शब्दावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि मी एका माणसाच्या बाबतीत खोटं बोललो, म्हणून सांगतोय.

तो माणूस अजून जिवंत आहे. इथे बहरीनमध्येच, हिद्दला, मुलाकडे राहतो. नाव गनी इब्राहिम परकार, वय एक्क्याण्णव. मी त्याला अरेतुरेच करणार. मी त्याला पाहिलं तेव्हा त्याला धड मिशी फुटली नव्हती.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यातला. पितळी दांडा, त्याच्या मधोमध अकीक या कठीण दगडाची एक धार आणि दोन टोकांना दोन. त्या मधल्या धारेवर मी उभा. दांड्याच्या दोन्ही भुजा तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत, माझं सगळं इमान त्यात. खाली वजनांसाठी एक खण, वर महोगनीची पेटी, पुढे वरखाली सरकणारी काच. बोटीने मुंबईला आलो, तिथून दुसऱ्या बोटीने बहरीनच्या राजधानीत, मनामाला.

जुन्या बंदराजवळ एका विलायती साहेबाची खाजगी प्रयोगशाळा होती. विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी, बोटीवरचा माल, असलं काहीबाही तपासायचं तिचं काम. साहेब अहवालावर सह्या करी. तोलण्याचं काम गनीचं. तो खेडकडचा. मॅट्रिक होऊन मुंबईच्या एका कॉलेजात दोन वर्षं प्रयोगशाळेचा मदतनीस होता, तिथे दत्तप्रसाद नावाच्या डेमॉन्स्ट्रेटरने त्याला वजन करायला शिकवलं. मुंबई सुटली तरी त्या दोघांची पत्रं चालू राहिली. निळ्या हवाई पत्रात गनी आपल्या शंका लिही, पंधरा-वीस दिवसांनी दत्तप्रसादचं उत्तर येई. ते तो माझ्या पेटीपाशी बसून वाची. त्यात हवापाण्याची चौकशी दोन ओळी आणि बाकी सगळं क्षार, आम्ल आणि वजनं. असली कोरडी पत्रं वाचून माणूस हसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

वजन करायची वेळ झाली की गनी आधी छताचा पंखा बंद करी, कारण वाऱ्याने माझी पारडी हलतात. बहरीनचा जुलै, बंद खिडक्या, बंद पंखा. कपाळाचा घाम माझ्यावर पडू नये म्हणून तो डोक्याला पंचा बांधी. वजनं चिमट्यानेच उचली, कधी बोट लावलं नाही. मग खालची मूठ हलकेच फिरवून दांडा सोडी आणि श्वास रोखून काट्याकडे पाही. काटा थांबायची वाट आम्ही पाहत नसू. तो पट्टीवर डावीकडे किती घरं गेला, उजवीकडे किती, हे मोजायचं. दोन्हीकडे सारखा गेला की वजन बरोबर. साहेब थंडगार खोलीत बसून या वजनांवर सह्या करायचा, पण आमच्या खोलीत पाच मिनिटं टिकायचा नाही.

आता माझं पाप सांगतो.

सत्तावन्न सालचा एक शुक्रवार. गनी जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. भिंतीला रंग द्यायचा म्हणून मला खिडकीपासून हलवायचं होतं. तराजू हलवायचा तर पारडी काढायची, दांडा अडकवून ठेवायचा, मगच हात लावायचा. शाळेतल्या पोरालाही हे शिकवतात. साहेबाला घाई होती. त्याने मला तसंच, दांडा मोकळा असताना, कवेत घेऊन उचललं आणि दाणकन पलीकडच्या टेबलावर ठेवलं. माझी मधली अकीकाची धार जागची सरकली. किती? केसाच्या पाव जाडीइतकी. डावी भुजा तेवढी लांब झाली, उजवी तेवढी आखूड.

साहेबाने पाहिलं, काटा शून्यावर येत नाही. त्याने कडेचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला, हात झटकले आणि जेवायला गेला. गनी परत आला तेव्हा मी रिकाम्या पारड्यांनिशी सरळसोट उभा होतो, एखाद्या सज्जन माणसासारखा. रिकामा असताना माझ्यात खोट दिसत नव्हती. ओझं पडलं की मी डावीकडचं जड सांगत होतो.

तिथे प्लॅटिनमच्या चार बशा होत्या. बशीत शंभर मिलिलिटर पाणी आटवायचं, खाली क्षार उरतात, बशी तोलायची आणि त्यातून रिकाम्या बशीचं वजन वजा करायचं. प्लॅटिनम झिजत नाही की गंजत नाही, म्हणून रिकामी बशी दरवेळी तोलायची नाही, वहीत जुनं वजन लिहिलंय ते घ्यायचं, ही साहेबाची शिस्त. वेळ वाचतो म्हणे. वहीतली वजनं माझ्या भल्या दिवसांतली होती. नवी वजनं मी खोटी सांगत होतो, साठ ग्रॅमच्या बशीमागे पंधरा मिलिग्रॅम जास्त. दोन्हींची वजाबाकी झाली की लिटरमागे दीडशे मिलिग्रॅम क्षार, जे पाण्यात नव्हतेच, ते कागदावर उतरायचे.

सनाबिसच्या एका व्यापाऱ्याने पिण्याच्या पाण्याची विहीर खणली होती. आमच्या अहवालाने ती नापास झाली. त्याने तेच पाणी लंडनला पाठवून तपासून आणलं. तिथे ते पास झालं. मग जे व्हायचं तेच झालं. व्यापारी साहेबावर चढला आणि साहेब गनीवर.

गनीने साहेबासमोर रिकामी बशी तोलून दाखवली. वहीपेक्षा पंधरा मिलिग्रॅम जास्त भरली. त्याला वाटलं होतं, आता तरी साहेबाच्या डोक्यात प्रकाश पडेल. साहेब म्हणाला, "म्हणजे बशी घाण आहे. तू नीट जाळत नाहीस, नीट धूत नाहीस." गनीने ती बशी तीनदा आम्लात उकळली, तीनदा लालभडक तापवली. तिन्ही वेळा मी पंधरा जास्त सांगितले. मी ओरडून सांगायला हवं होतं, की अरे, मला तपास. पण मला वाचा कुठली.

त्याच दुपारी त्याने दत्तप्रसादला पत्र लिहिलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि साहेबाने दहाव्या दिवशी गनीला काढून टाकलं. हातात एक दाखला दिला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, हा मनुष्य चालचलणुकीने चांगला, परंतु वजनाच्या कामात निष्काळजी. असा दाखला घेऊन कुठल्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहायचं?

जायच्या आधी तो माझ्यासमोर आला. माझी काच पुसली, पारडी ब्रशने झटकली, दांडा अडकवला. मला एक अपशब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दत्तप्रसादचं पत्र आलं ते साहेबाच्या हातात पडलं. पाठीमागे पाठवणाऱ्याचं नाव होतं, अक्षरही ओळखीचं. त्याने ते फोडलं नाही, दुसऱ्याचं पत्र फोडणं त्याच्या सभ्यतेत बसत नव्हतं. पत्ता शोधून पोचतं करणंही बसत नव्हतं. माझा खण उघडला, वजनांच्या पेटीमागे ते सरकवलं आणि खण लावून टाकला. इतकी वर्षं पोटात राहिलेलं पत्र मला पाठ झालं नसतं तरच नवल. ऐका:

"प्रिय गनीभाई, पत्र पोचलं. बशी धुण्यात तुमची चूक असेल असं मला वाटत नाही. तुमचा हात मी दोन वर्षं पाहिला आहे. रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर येतो म्हणून तराजू खरा, असं समजू नका. भुजा लहानमोठ्या झाल्या असतील तर ते ओझ्याखालीच कळतं. आपण बशी नेहमी डाव्या पारड्यात ठेवतो. एकदा उजव्या पारड्यात ठेवून पाहा, वजनं डावीकडे. दोष बशीचा असेल तर ती तितकीच जड भरेल. दोष तराजूचा असेल तर आता उलट हलकी भरेल. पाच मिनिटांचं काम आहे. साहेबासमोर करा. आणि मग मला लगेच कळवा, मी वाट पाहतो."

पाच मिनिटांचं काम.

पुढच्या महिन्यात नवा माणूस आला. त्याच्याही बशा जड भरू लागल्या. तेव्हा साहेबाने दार लावून घेतलं आणि स्वतः माझ्यावर बशी अदलाबदल करून तोलली. म्हणजे ही युक्ती त्यालाही ठाऊक होती. मग त्याच टेबलावर बसून कारखान्याला पत्र लिहिलं, की आपला तराजू प्रवासात बिघडलेला दिसतो, कृपया नवा पाठवावा. प्रवास म्हणजे खिडकीपासून टेबलापर्यंतचा. गनीला मात्र त्याने एक ओळ लिहिली नाही. गनी तेव्हा तिथून चालत दहा मिनिटांवर एका कापडाच्या दुकानात लागला होता, हे साहेबाला माहीत होतं. त्याच्या सदऱ्याचं कापड तिथूनच यायचं.

मला अडगळीत टाकलं. पुढे साहेब गेला, प्रयोगशाळा गेली, ती इमारतही गेली. मी भंगारवाल्याकडे, मग एका गोदामात, मग जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे. आठ महिन्यांपूर्वी तिथून मयुरेशने मला उचललं.

मयुरेश पुण्याचा, इथे बँकेत. बायको हेमा, सीफला एका ऑडिट कंपनीत. जनाबियाला व्हिला, मोठा हॉल. बँकेतल्या माणसाच्या हॉलमध्ये तराजू शोभून दिसतो असं मयुरेशचं म्हणणं. त्याने एक इंटिरियरवाला बोलावला. त्याने माझं पितळ घासघासून आरशासारखं केलं. एसीचा झोत आला की माझा दांडा कलंडायचा, ते त्याला आवडलं नाही. "सर, टेढा अच्छा नहीं लगता," म्हणाला, आणि दोन नळ्या पिळून घट्ट गोंद कालवला, दांडा बरोबर आडवा धरला, काटा शून्यावर आणला आणि सगळं चिकटवून टाकलं. मूठ तेवढी फिरते, पण तिच्यापुढे काही नाही. आता मी कायमचा समतोल आहे. पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढतात.

एका शनिवारी हेमा माझा खण साफ करत होती. तिला ते पत्र सापडलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, फोडलं नाही. तीही सभ्य. वरचं नाव वाचून तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. "नुसरत, तू परकार ना? गनी इब्राहिम परकार म्हणून कुणी ओळखीचं आहे का?"

पलीकडून उत्तर आलं, "अगं, ते माझे दादा. माझे ग्रँडफादर."

पत्र हिद्दला गेलं. मागच्या महिन्यात नुसरत आजोबांना घेऊन आली.

मी त्याला पावलांवरून ओळखलं. तो अजूनही टाच आधी टेकतो. पांढरा झब्बा, हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि चष्म्यामागे डोळे दुधाळ झालेले. हेमाने वाकून नमस्कार केला, चहा ठेवते म्हणाली. तो सरळ माझ्याकडे आला. काचेला हात लावून म्हणाला, "हाच. कडेचा टवका मीच पाडला होता."

हेमाने विचारलं, "आजोबा, पत्रात काही महत्त्वाचं होतं का?"

"जुन्या दोस्ताचं होतं. भिंग लावून दोन दिस वाचत होतो," तो म्हणाला. "बाय, एक काम होतं. हा एकदा चालवून बघायचाय मला. तुमची परवानगी असेल तर."

हेमाने माझ्या दांड्याकडे पाहिलं. ती काय विचार करत होती ते मला दिसत होतं. या म्हाताऱ्या माणसाला सांगायचं कसं, की तुमचा तराजू आम्ही शोभेसाठी चिकटवून टाकलाय? तेवढ्यात नुसरतचा फोन वाजला. "दादा, ऑफिसचा कॉल आहे, दोन मिनिटं," म्हणून ती बाहेर व्हरांड्यात गेली.

"चालवा ना," हेमा म्हणाली.

गनीने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात पन्नास-पन्नास ग्रॅमची दोन वजनं होती, मनामाच्या सुकातल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, सोनाराकडून मागून आणलेली. एक चिमटाही होता. मग तो म्हणाला, "बाय, तो एसी जरा बंद करा." हेमाने बंद केला. त्याने काच वर सरकवली. चिमट्याने एक वजन डावीकडे ठेवलं, एक उजवीकडे. आताही बोट लागू दिलं नाही. काच खाली केली. मूठ धरून हलकेच फिरवली.

"पूर्वीसारखी जड लागत नाय," तो म्हणाला.

"तेल घातलंय तिला," हेमा म्हणाली.

"मला काटा दिसत नाय. तुमी सांगा. डावीकडे किती जातो, उजवीकडे किती? नीट बघा, घाई नाय."

माझा काटा शून्यावर मेल्यासारखा उभा होता. ओझं माझ्या दोन्ही भुजांवर होतं, डावी भुजा खाली जायला धडपडत होती, आणि तो गोंद मला सोडत नव्हता. अडुसष्ट वर्षांनी कुणीतरी मला तो प्रश्न बरोबर विचारत होतं. मोकळा असतो तर दाणकन डावीकडे गेलो असतो. मग वजनं बदलून ठेवली असती तरी डावीकडेच गेलो असतो. आंधळ्यालाही कळलं असतं.

हेमाने काट्याकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. त्याला बरं वाटेल असं तिला बोलायचं होतं. "दोन्हीकडे सारखाच जातोय, आजोबा. आता थांबला. बरोबर मधोमध."

त्याने मूठ उलटी फिरवली. काच वर करून वजनं काढली, डावं उजवीकडे ठेवलं, उजवं डावीकडे. पुन्हा काच. पुन्हा मूठ.

"आता?"

"आताही तसाच. अगदी छान चालतोय." हेमाच्या आवाजात आनंद होता.

गनीने वजनं रुमालात बांधली. गाठ मारायला त्याला वेळ लागला, तोवर हेमा चहाचा ट्रे घेऊन आली. नुसरत आत आली. "झालं, दादा? हॅपी?"

"खलास," तो म्हणाला. "तराजू खरा हाय, नुसरत. बशीच घाण होती. मीच नीट धुतली नसणार." मग म्हणाला, "तुझ्या दादीला उगाच सांगत आलो मी. चाळीस वर्षं कापड मोजलं आणि चाळीस वर्षं तिला सांगितलं, की बिल्किस, माझा हात साफ होता. ती बिचारी जाईपर्यंत मान हलवत राहिली."

नुसरतला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. "दादा, इट्स ओके, किती जुनी गोष्ट आहे," म्हणत तिने त्याचा दंड धरला. हेमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कप एकमेकांवर किणकिणले. तिला काहीतरी कळलं होतं, सगळं नाही. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "चहा तरी घेऊन जा ना."

तो चहा प्यायला. जाताना खिशातून ते निळं पत्र काढून त्याने माझ्या खणात ठेवलं. "इथंच राहू दे. दत्तप्रसादला उत्तर द्यायचं राहिलंच," म्हणाला. मग माझ्या काचेवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते ते झब्ब्याच्या बाहीने पुसले.

संध्याकाळी मयुरेश आल्यावर हेमा त्याला म्हणाली, "सांगायला हवं होतं का रे मी, की तो चिकटवलाय म्हणून?"

"आता कशाला? म्हातारा माणूस, खूश होऊन गेला ना?"

"खूश नव्हते वाटत."

"मग नुसरतला सांग."

"उद्या बघते ऑफिसात."

त्या उद्याला आज तेवीस दिवस झाले. हेमा येता-जाता माझ्याकडे बघते आणि नजर चुकवते. मला तिचा राग येतो आणि येतही नाही. साहेबाने माहीत असून तोंड बंद ठेवलं. हिने माहीत नसताना तोंड उघडलं. गनीच्या पदरात दोन्ही वेळा तेच पडलं. आणि मी, ज्याने हे सगळं केलं, तो इथे झगमगत उभा आहे.

म्हणून हेमा, तुला सांगतो. इतरांना सांगून उपयोग नाही. माझा गोंद काढू नकोस, ते जमणारही नाही. माझा खण उघड. पत्र आता फोडलेलं आहे, वाचलंस तर सभ्यता मोडत नाही. मराठीत आहे, तुला दोन मिनिटं लागतील. मग नुसरतला ऑफिसात सांगू म्हणून थांबू नकोस. गाडी काढ आणि आत्ता हिद्दला जा. त्याच्या कानाशी तोंड नेऊन एवढंच सांग, की काटा हललाच नव्हता.

तो एक्क्याण्णव वर्षांचा आहे, हेमा. आणि रोज हात धुताना तो आता त्या हातांकडे बघत असणार.